पाचवं नाव

बर्न्ट कोव्ह,
१८ नोव्हेंबर १९९८

शार्लीन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र बहुधा तसंच कचऱ्यात टाकशील. टाक. पंधरा महिन्यांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि मी तरी कुठे लिहिली? पण आपली आई म्हणायची ना, थंडी पडायच्या आत माणसाने दोन कामं उरकावीत, लाकडं फोडावीत आणि भांडणं मिटवावीत. लाकडं फोडून झाली आहेत.

इकडे सगळं ठीक आहे. खेकड्यांच्या कारखान्याचा हंगाम ऑगस्टमध्येच संपला. बेकारभत्त्याला कामाचे जेवढे आठवडे लागतात, त्यात यंदा मला एक कमी पडत होता. आंट सेलीना फोरमनला म्हणाली, ‘माझी कंबर गेली, माझ्या जागी ग्लेंडाला उभी कर,’ आणि घरी जाऊन बसली. कंबर तिची खरंच गेलीय, पण तिचे आठवडे आधीच भरले होते, हेही खरं. अशीच चालतात आमची वर्षं. तुझ्या-माझ्या मागेपुढे शाळेत असलेल्या पोरांपैकी आता गावात मी, रोंडा आणि पर्ल. बाकीच्यांची नाताळची कार्डं येतात.

ड्वेन तुमच्या ओंटारियोतच आहे, तळ्यांवरच्या मालवाहू बोटीवर. जानेवारीच्या मध्यापर्यंत सुटका नाही, म्हणजे यंदाही नवऱ्याशिवाय नाताळ. बोटीवर त्याला सगळे ‘ए फ्रेंची’ म्हणतात, कारण तो क्वेबेकचा. आणि इथे क्वेबेकमध्ये त्याला काम नाही, कारण तो इंग्रजी बोलणारा. हसून सांगतो तो हे. मीही हसते.

मी मध्यंतरी विमानतळावर अर्ज केला होता. सामान तोलायचं, चिठ्ठ्या लावायच्या, बारा महिने पगार. मुलाखत घेणारा माणूस चांगला होता गं, त्याने मला कॉफीसुद्धा दिली. मग फ्रेंचमध्ये विचारलं, तुम्हाला हे काम का करायचं आहे? प्रश्न मला कळला. पूर्ण कळला. उत्तरही डोक्यात होतं, पण तोंडातून काय आलं माहितीय? ‘हो.’ काम का करायचंय, तर हो! तो बिचारा मान खाली घालून कागद चाळत बसला. बाहेर येऊन मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

शाळेत आता पाच पोरं. रोंडाची जुळी, पोस्टातल्या पर्लची दोघं, आणि आमची ट्रिना. पाचाच्या खाली गेलं की शाळा बंद, असं शाळा मंडळाचं पत्र आलंय. मिस अजून तशाच आहेत, तोच तपकिरी स्वेटर.

एक ऐकीव गोष्ट. गावातलं कुणीतरी म्हणे आपल्या मुलीला खाडीपलीकडे सेंत-आनच्या फ्रेंच शाळेत घालायचा विचार करतंय. कोण ते विचारू नकोस. तुला काय वाटतं? असं करणाऱ्या बाईला तू काय म्हणशील?

ग्लेंडा


९ डिसेंबर १९९८

शार्लीन,

ती बाई मीच.

तू ओळखलंच असशील. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ते फोडलंस असं मी धरून चालते.

फॉर्म माझ्याकडे आलाय. टपालाने मागवला असता तर पर्लने पाकिटावरचा शाळेचा शिक्का वाचून जेवायच्या आत गावभर केलं असतं. म्हणून मादाम मार्कूने तो स्वतः आणून दिला. तुला आठवते का ती, सेंत-आनची, दोन्ही भाषा बोलणारी, आईकडून मोजे विकत न्यायची? वाट बंद असेल तेव्हा ट्रिना तिच्याच घरी राहील. खाडी गोठली की बर्फावरून स्किडू पळवत वीस मिनिटांचा रस्ता, उन्हाळ्यात होडी. पण बर्फ धरायच्या आणि फुटायच्या दिवसांत ना स्किडू चालत ना होडी. वर्षातले आठ-नऊ आठवडे माझी पोर परक्या घरात, परक्या भाषेत. सात वर्षांची आहे गं ती. अजून बूट उलटे घालते.

फॉर्म मी पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. दिवसातून चार वेळा डबा उचलून बघते. काल रोंडा साखर मागायला आली आणि डब्याला टेकून उभी राहिली, तर मी वाटीऐवजी अख्खी साखरेची पिशवीच तिच्या हातात कोंबली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मार्चअखेर फॉर्म गेला पाहिजे. ट्रिना गेली की उरतात चार. म्हणजे शाळा मी बंद केली. रोंडाच्या जुळ्यांना, पर्लच्या दोघांना मग इंग्रजी शाळेसाठी किनाऱ्याने चाळीस मैल दूर जाऊन राहावं लागेल. आणि मिस एकसष्ट वर्षांच्या. त्यांना कोण नोकरी देणार? तुला वाचायला शिकवलं त्यांनी, मला शिकवलं. ट्रिनाला तर दोन वर्षं झाली तरी अक्षरं उलटी दिसत होती, मिसनी वाळूत बोटाने काढून काढून सरळ केली.

ड्वेन फोनवर म्हणतो, ‘एवढं रडतेस कशाला? चल इकडे ओंटारियोत. इकडे सगळं इंग्रजीच.’ त्याचं बरोबर आहे. तुझंही बरोबर होतं. पण मला जायचं नाही, शार्लीन. मला ट्रिनाने इथे राहायला हवंय. मोठी होऊन ती त्या विमानतळावरच्या खुर्चीत बसावी, दवाखान्यात बसावी, आणि कुणी तिला विचारलं, तुला हे काम का करायचंय, तर तिने तोंड भरून सांगावं. मी तिला घालवायला नाही, ठेवायला पाठवतेय. हे मी गावात कुणाला सांगू?

आणि हो, मी तुला काय बोलले ते मला आठवतंय. तू ओंटारियोला निघालीस त्या दिवशी, धावपट्टीवर, सगळ्या गावासमोर, कोडी तुझ्या हाताला धरून आणि लिन रडत होती. मी म्हणाले, ‘जा. शाळेची दोन पोरं चोरून नेतेस, वर मान करून बघतेस कशी?’ आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तेव्हा मला वाटलं होतं की मी गावाच्या वतीने बोलतेय.

माफी मागायला हे पत्र नाही. अजून तेवढं बळ आलेलं नाही.

ग्लेंडा


४ जानेवारी १९९९

शार्लीन,

माझ्या हातून फार मोठी चूक झालीय. तुला सोडून सांगायला कुणी नाही.

परवा संध्याकाळी सात वाजता दार वाजलं. नाताळचे दिवस, सोंगं घेऊन घरोघर फिरणारे ममर येणारच. आधी दोन टोळ्या येऊन गेल्या होत्या. एकीत पर्लचा नवरा, बायकोचा गाऊन घालून, त्याला तर ट्रिनानेच पोट पाहून ओळखलं. ही तिसरी खेप. पण दारात एकच ममर उभा. तोंडावर खिडकीचा जुना पडदा, अंगावर तेलकट मासेमारीचा कोट, पाठीवर उशी बांधलेली, हातांत लोकरी मोजे. ‘ममर आत घेता का?’ तोच श्वास आत ओढून काढलेला घोगरा आवाज. घेतला. आणि आत आला तो लंगडत, उजवी कंबर धरून.

मी पोट धरून हसले. म्हटलं, ‘आंट सेलीना, सगळं लपेल पण तुझं कंबरडं नाही लपायचं! काढ पडदा.’

ममरने मान हलवली, पण पडदा काढला नाही. ओळखलं की पडदा काढायचा हा नियम, पण मला वाटलं म्हातारी लाडात आलीय. मी तिला केक दिला, पडद्याखालून खाल्ला तिने. गोड वाइन दिली, तीही घेतली. ट्रिना झोपली होती. स्टोव्ह पेटलेला होता. आणि आंट सेलीना म्हणजे जिने मला आपला आठवडा दिला, जिने आईला शेवटचं न्हाऊ घातलं. माझ्या तोंडाचं कुलूप निघालं, शार्लीन. मी सगळं सांगितलं. फॉर्म, मादाम मार्कू, मार्चअखेर, सगळं. डबा उचलून फॉर्मसुद्धा दाखवला. म्हटलं, ‘मिसच्या डोळ्यांत बघवत नाही मला. रोज ट्रिनाला आणायला जाते आणि दाराबाहेरूनच हाक मारते.’ आणि रडले, नाकातोंडातून.

ममर उठला. माझा हात मोज्यातल्या हाताने घट्ट दाबला, बराच वेळ. आणि लंगडत निघून गेला.

आज सकाळी मी आंट सेलीनाकडे काकवीचा पाव घेऊन गेले. ती अंथरुणात. म्हणाली, ‘बरं झालं आलीस पोरी. नाताळपासून उठलेच नाही बघ. यंदा ममर म्हणून कुठे जाणं झालं नाही, वाईट वाटतं.’

पाव माझ्या हातातून पडला.

कोण होतं ते? गावात सत्तावीस घरं. उंची आठवते तर कोट आठवतो, कोट आठवते तर तो कुणाचाही असू शकतो. रोंडा असेल तर ती मला जिवंत सोडणार नाही. पर्ल असेल तर आतापर्यंत दुकानात लोक माझ्याकडे बघायचे थांबले असते. आज दुकानात मला सगळ्यांनी नेहमीसारखं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, आणि प्रत्येक ‘गुड मॉर्निंग’मध्ये मला काहीतरी वेगळं ऐकू आलं.

तू असतीस तर चालीवरून ओळखलं असतंस. तू नेहमी ओळखायचीस.

ग्लेंडा


३१ जानेवारी १९९९

शार्लीन,

अजून कुणी काही बोललेलं नाही. एक महिना होत आला. बोलले असते तर बरं झालं असतं, भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झालीय. ड्वेन आलाय घरी. तो म्हणतो, ‘तू झोपेत दात खातेस.’

काल शाळेत सभा झाली. मंडळाचं पत्र वाचलं मिसनी, सरळ, चष्मा न सावरता. सप्टेंबरमध्ये पाच पोरं असली तर शाळा चालू, नाहीतर इमारत गावाला परत. वाचून झाल्यावर त्या मागे शेगडीजवळ जाऊन विणत बसल्या.

रोंडा उठली. तुला माहितीय ती उठली की कशी उठते. म्हणाली, ‘माझ्या आजोबांनी या शाळेचे वासे होडीतून आणले. माझी पोरं इथून हलणार नाहीत. आणि जो आपलं पोर काढेल ना, त्याने मग माझ्या दारात साखर मागायला यायचं नाही.’ (साखर मागायला कोण कुणाच्या दारात येतं ते देवाला ठाऊक.) टाळ्या पडल्या. पर्ल म्हणाली, ‘आपण लिहून देऊ या. सगळे पालक सही करू या, की पोरं इथेच राहतील. मंडळाला पाठवू.’ लगेच वहीचं पान फाडलं तिने. तिने सही केली. रोंडाने केली, एवढी मोठी की खालच्या दोन ओळी अडल्या. मग पेन माझ्याकडे.

ड्वेन माझ्याकडे बघत होता. मी मागे शेगडीकडे बघितलं. मिस विणता विणता थांबल्या होत्या आणि आम्हा तिघींकडे बघत होत्या.

मी सही केली.

 घरी आल्यावर दारात बूट काढताना ड्वेन म्हणाला, ‘म्हणजे आता पाठवायचं नाही?’ मी म्हटलं, ‘पाठवायचं.’ तो म्हणाला, ‘मग ते काय होतं?’  मी खोटी सही करून आले, बस. दहा वर्षांची असताना मी मिसच्या टेबलावरची पेन्सिल उचलली होती, तेव्हा तू माझ्या कानाला धरून परत द्यायला लावलीस. आता कान धरायला कोण आहे?

हल्ली मी ट्रिनाला आणायला जात नाही, ती शाळेतून उशिरा एकटीच येते. म्हणते मिसना फळा पुसायला मदत करते. पाचही जण करतात म्हणे. मला वाटतं मिसना कळून चुकलंय की दिवस थोडे राहिलेत, म्हणून पोरांना धरून ठेवतात. 

मी तुला फोन केला होता, सांगू? गेल्या रविवारी. लिनने उचलला. किती मोठा आवाज झालाय तिचा. मी ठेवून दिला.

ग्लेंडा


२१ मार्च १९९९

शार्लीन,

हे सावकाश वाच.

शुक्रवारी सकाळी मी ट्रिनाला स्किडूवर मागे बसवलं. गावात सांगितलं, दात दाखवायला नेतेय. खाडी पक्की होती, वाराही नव्हता, तरी मी सगळा रस्ता हळू चालवला. पोचूच नये असं वाटत होतं. मादाम मार्कू आमच्याबरोबर शाळेत आली, कारण मुख्याध्यापकांशी बोलायला मला कोण?

तरुण आहेत ते, आपल्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठे. ट्रिनासमोर खाली बसून त्यांनी फ्रेंचमध्ये तिचं नाव विचारलं. मी मादामकडे वळले, की सांग त्यांना, तिला येत नाही, ती शिकेल, हुशार आहे. तेवढ्यात ट्रिना बोलायला लागली.

बोलायला लागली, शार्लीन. फ्रेंचमध्ये. नाव सांगितलं, वय सांगितलं, स्किडूवर गार वाटलं ते सांगितलं. अडखळली तर वर छताकडे बघितलं, शब्द सापडला, तो घेऊन पुन्हा पुढे. मी तिथे भिंतीला धरून उभी. माझ्याच पोरीला मी ओळखेना.

मुख्याध्यापक मोठ्याने हसले आणि मादामला काहीतरी म्हणाले. मादाम मला म्हणाली, ‘ते म्हणतात, तुमच्या गावची पाचही पोरं सारखीच बोलतात. एकदम जुन्या काळच्या ननसारखी! आपली अनुमती असेल तर बसू का, असं विचारतात. इथली पोरंसुद्धा असं बोलत नाहीत आता.’

मी म्हटलं, ‘पाचही?’

‘अगं, जुळी फेब्रुवारीत येऊन गेली. आणि ती पोस्टातल्या बाईची दोघं मागच्या आठवड्यात. हिच्या आधीची चारही नावं तुमचीच आहेत की. तुला माहीत नव्हतं? तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल असं मला वाटलं.’

त्यांनी यादी माझ्यापुढे केली. रोंडाची सही होती, एवढी मोठी की खालच्या दोन ओळी अडल्या होत्या. खाली पर्लची. मी हसले की रडले ते मला आठवत नाही. मी पाचवं नाव लिहिलं.

येताना खाडीच्या मध्यावर मी स्किडू थांबवली आणि ट्रिनाला विचारलं, ‘कुणी शिकवलं तुला?’

ती म्हणाली, ‘मिसनी. फळा पुसल्यावर रोज. मला वाटलं तुला सांगायचं नसतं. मिस म्हणाल्या, आईला आत्ता सांगू नकोस, ती रडेल.’

मी घरी न जाता सरळ मिसच्या दारात स्किडू लावली. त्या बटाटे सोलत होत्या. मी म्हटलं, ‘मिस, तुम्हाला फ्रेंच येतं?’

‘सोळा वर्षांची असताना दोन वर्षं फ्रेंच ननांच्या कॉन्व्हेंटमध्ये फरश्या पुसल्या मी. भाषा फुकट मिळाली. गावात कुणाला सांगायची होती? दार लाव, वारं येतंय.’

‘आणि आम्ही... तुम्हाला कसं कळलं?’

त्यांनी बटाटा पाण्यात टाकला. म्हणाल्या, ‘मी तीन घरं फिरले नाताळात. एकटीला घरी करमेना, म्हटलं जरा सोंग घेऊन केक खाऊन यावा. चाल ओळखू नये म्हणून लंगडले. तर तिन्ही घरांत तुम्ही मला सेलीना समजलात! आणि तिन्ही घरांत रडारड. रोंडा तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पडदा काढायची सोयच ठेवली नाही तुम्ही.’

मला तोंड वर करवेना. म्हटलं, ‘तुम्हाला राग नाही आला?’

‘आला तर! आठ दिवस मी तुमच्यापैकी कुणाशी धड बोलले नाही, तुमच्या लक्षात आलं नाही ती गोष्ट वेगळी. तुम्ही आपापल्या भीतीत होतात.’ मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, ‘पोरं तिकडे जाणार हे ठरलेलंच होतं, ग्लेंडा. मुकी जाणार की बोलती, एवढंच माझ्या हातात होतं. मी त्या कॉन्व्हेंटमध्ये पहिले सहा महिने मुकी होते. लोक मला मंद समजायचे. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचे. माझ्या पोरांच्या बाबतीत नाही चालायचं ते.’

‘पण मिस, त्या सभेत... आम्ही सह्या केल्या...’

‘बघत होते ना. तिघीही कशा घामाघूम! इतक्या वर्षांत एवढी करमणूक झाली नव्हती माझी.’

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही. त्यांची शाळा बंद करायला त्यांनी स्वतःच्या हाताने आम्हाला मदत केली, रोज, फळा पुसल्यावर.

मी रोंडाकडे गेले. सरळ तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं, कळलं तिला. म्हणाली, ‘चहा घेतेस?’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘साखर संपलीय.’ मग आम्ही दोघी बिनसाखरेचा चहा घेतला.

ग्लेंडा


२६ जून १९९९

शार्लीन,

हे पत्र टपालाने येणार नाही. ते घेऊन जी बाई तुझ्या दारात उभी आहे, तिला आधी आत घे, कोट काढून घे, बसव. मग वाच.

शाळा काल बंद झाली. भाषणं वगैरे काही नाही. मंडळाचा माणूस विमान चुकल्यामुळे आला नाही. मिसनी पाचही पोरांना प्रगतिपुस्तकं दिली, खिडक्या लावल्या, आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून घरी गेल्या. आम्ही तिघी बाहेर उभ्या होतो. पर्ल म्हणाली, ‘काहीतरी बोलायला हवं होतं आपण.’ 

मिसचा भाऊ तुमच्या हॅमिल्टनलाच असतो, बायको गेल्यापासून एकटा. त्या त्याच्याकडे राहायला चालल्यात. सरकारी घर होतं, शाळेबरोबर तेही गेलं. गावाने म्हटलं, कुणाकडेही राहा. आंट सेलीना म्हणाली, ‘माझी खोली घे, मी स्वयंपाकघरात झोपते.’ मिस म्हणाल्या, ‘मला रोज सकाळी नऊला त्या इमारतीवरून जाववणार नाही.’ 

मला अजून सुटलेलं नाही हे, शार्लीन. रात्रंदिवस तोच हिशेब. सप्टेंबरमध्ये ट्रिना जाईल, बर्फ धरायच्या दिवसांत मादाम मार्कूकडे राहील, रडेल का, जेवेल का. पण ती बोलेल, एवढं मला माहीत आहे. आणि ती बोलेल म्हणून एका बाईला एकसष्टाव्या वर्षी सामान बांधावं लागलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी कमी होत नाही.

मी तुला जे बोलले ते खोटं होतं. तू पोरं चोरली नव्हतीस. तू आई होतीस, मी करतेय तेच करत होतीस, फक्त माझ्याआधी आणि सगळ्यांसमोर. मी लपूनछपून केलं, खोट्या सह्या करून केलं, आणि तरी मला क्षमा मिळाली. तू उघडपणे केलंस, आणि तुला धावपट्टीवर माझं बोलणं मिळालं. मला माफ कर. लिहायला इतकी पत्रं लागली, तोंडाने म्हणायला किती लागतील कोण जाणे. फोन वाजला आणि पलीकडे कुणी बोललं नाही तर ठेवू नकोस, ती मी असेन, बोलेन.

पाकीट बंद करण्याआधी मी मिसना म्हटलं, वाचून बघता का? त्या म्हणाल्या, ‘तुझ्या शुद्धलेखनाचं मी फार सोसलं. आता शार्लीन सोसेल.’

त्या चहात डब्यातलं दूध घेतात, साधं दूध त्यांना चालत नाही. कोडी आणि लिनच्या वह्या मागतील, दे. चुका काढतील, काढू दे. त्यांना शहराची सवय नाही, बसमध्ये पहिल्यांदा बरोबर जा.

आणि एक कर. इथे सगळा गाव त्यांना ज्या नावाने हाक मारायचा ते नाव तिकडे कुणाला माहीत नाही. भाऊ त्यांना व्हर्ना म्हणेल, शेजारी मिसेस अमुकतमुक म्हणतील. तू तरी त्यांना मिस म्हणत जा.

तुझी,
ग्लेंडा